लॉक झालेल्या फायली, राजारामपुरीतले दादा आणि एक फुकटची चावी

फोटो स्टुडिओ, अल्बम डिझायनिंग, व्हिडिओ मिक्सिंग असं काम करणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहितेय. कॉम्प्युटरमध्ये रॅन्समवेअर, म्हणजे फायलींना कुलूप घालून खंडणी मागणारा व्हायरस, शिरलं आणि सगळ्या फायली लॉक झाल्या, तर कोल्हापुरात कसल्या माणसाकडं जायचं आणि इंटरनेटवरच्या कुठल्या सेवेवर भरवसा ठेवायचा, त्याचा हा रिव्ह्यू. दोन गोष्टींचा आहे. एक, राजारामपुरीत गल्लीच्या आतल्या अंगाला बसणारे कॉम्प्युटर दुरुस्तीवाले दादा. दुसरी, 'नो मोअर रॅन्सम' ही वेबसाइट आणि तिथून मिळणारं एम्सिसॉफ्ट कंपनीचं डिक्रिप्टर, म्हणजे लॉक झालेल्या फायली उघडणारं सॉफ्टवेअर. दोघांनाही माझ्याकडून पूर्ण मार्क, आणि ते एकाच कारणासाठी. जे होणार नाही ते होणार नाही, असं दोघांनीही आधी सांगितलं. त्या आठवड्यात असं बोलणारं दुसरं कुणी आम्हाला भेटलं नाही.

दादांचं नाव आणि नंबर इथं देत नाही. त्यांनीच नको म्हटलंय. एकटा माणूस, गर्दी झाली की हातातलं काम मागं पडतं म्हणतात. राजारामपुरीत चार दुकानांत विचारलंत तर पत्ता कळेल.

आमचा स्टुडिओ शाहूपुरीत, व्हीनस कॉर्नरच्या अलीकडं. पावसाळ्यात आमच्याकडं शूटिंग कमी आणि टेबलावरचं काम जास्त. उन्हाळ्यातल्या लग्नांचे करिझ्मा अल्बम, एडियस या सॉफ्टवेअरवरचं व्हिडिओ मिक्सिंग, पन्हाळ्यावर न् रंकाळ्यावर काढलेल्या प्री-वेडिंगचे व्हिडिओ, सगळं जुलैत उरकायचं असतं. अशाच एका सकाळी अल्बम डिझाइन करणाऱ्या पोरानं मित्राकडून पेनड्राइव्हवर आणलेलं क्रॅक केलेलं, म्हणजे पैसे न भरता चालणारं चोरीचं, प्लगइन मोठ्या पीसीवर चालवलं. पडद्यावर विंडोज अपडेटची खिडकी आली, टक्के पुढं सरकत राहिले. ती खिडकी खोटी होती. तिच्याआड एकेक फाइल लॉक होत होती. संध्याकाळी कामाचे फोल्डर उघडले, तर प्रत्येक फोटोच्या नावामागं चार अक्षरांचं अनोळखी शेपूट आणि प्रत्येक फोल्डरमध्ये 'रीडमी' नावाची चिठ्ठी. फायली परत हव्या असतील तर 980 डॉलर द्या. 72 तासांत संपर्क केलात तर निम्मे, 490. म्हणजे आपले जवळजवळ चाळीस हजार रुपये.

पोराला आम्ही काढलं नाही, हे आधीच सांगते, कारण खाली कुणीतरी विचारेलच. एकोणीस वर्षांचं पोर आहे, हाताला कला आहे, आणि तो त्या रात्री घरी गेला नाही. या धंद्यात निम्म्या कोल्हापुरात क्रॅकवर काम चालतं आणि नेमक्या त्याच वाटेनं हा प्रकार येतो.

मिस्टरांनी दादांना फोन लावला तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. त्यांचं पहिलं वाक्य, "वहिनींना सांगा, नेटची वायर काढा, बाहेरची डिस्क काढा, आणि बाकी कशाला हात लावू नका." दुसरं वाक्य, "फॉरमॅट तर अजिबात मारू नका." या दुसऱ्या वाक्यासाठी मी त्यांची आयुष्यभर ऋणी राहीन. कारण त्याआधी आम्ही ज्यांना ज्यांना विचारलं होतं, ते सगळे विंडोज नवीन टाकून घ्या, व्हायरस निघून जाईल असंच सांगत होते. व्हायरस निघून जातो हे खरंच आहे. पण त्यानं लॉक केलेल्या फायली त्यामुळं उघडत नाहीत. उलट त्या उघडायला लागणारी माहिती त्या फॉरमॅटमध्ये पुसली जाते.

आधी तोडायचं, मग बघायचं, हीच रीत मोठ्या ठिकाणीही असते. जुलै 2024 च्या शेवटी सी-एज टेक्नॉलॉजीज या बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, तेव्हा यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं पहिलं काय केलं, तर त्या कंपनीला पेमेंटच्या जाळ्यातून तोडलं. सुमारे 300 लहान बँकांची यूपीआयसारखी सेवा त्यामुळं थोडा काळ अडली, त्यात सहकारी आणि ग्रामीण बँका बऱ्याच. लोक वैतागले असतील, पण आग पुढं गेली नाही.

दुसऱ्या दिवशी पीसी दुकानात नेला. दुकान कसलं, जिन्याखालची एक खोली. भिंतीला उघडे मदरबोर्ड, टेबलावर सोल्डरिंगची इस्त्री आणि चहाचे कप. पण काम बघण्यासारखं. त्यांनी आमची डिस्क पीसीतून काढली, दुसऱ्या रिकाम्या डिस्कवर तिची जशीच्या तशी नक्कल घेतली, आणि मूळ डिस्क पाकिटात घालून माझ्या हातात दिली. "ही आता कपाटात. जे काय करायचं ते नकलेवर." 4 टीबीची नवी डिस्क आम्हाला त्यासाठी घ्यावी लागली. खर्च आहे. पण पुढचं सगळं त्याच्यावर उभं राहिलं, कारण दुरुस्तीच्या खटपटीत काही बिघडलं असतं तरी मूळ माल शाबूत होता.

नंतर त्यांनी मला खुर्ची ओढून शेजारी बसवलं आणि व्हायरसनं काय काय करून ठेवलंय ते एकेक दाखवलं. आमच्याकडं आलेला प्रकार 'स्टॉप डीजेव्हीयू' या घराण्यातला. 2018 पासून फिरतोय, मोठ्या कंपन्यांपेक्षा घरगुती पीसी आणि छोट्या दुकानांवर जास्त पडतो, आणि क्रॅक, की-जनरेटर यांच्या पोटात बसून येतो. त्यानं विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या सोयीत, 'टाइम ट्रिगर टास्क' नावाचं एक काम लावून ठेवलं होतं. दर पाच मिनिटांनी ते पुन्हा जागं होतं आणि नव्यानं काही फाइल आली असेल तर तीही लॉक करतं. होस्ट्स फाइलमध्ये अँटीव्हायरस कंपन्यांच्या आणि मदतीच्या वेबसाइटची नावं घालून त्या उघडणारच नाहीत अशी सोय केली होती. विंडोज स्वतः ज्या जुन्या प्रती ठेवतं, त्या शॅडो कॉपीही पुसल्या होत्या. माणूस मदत शोधायला जाणार हे धरूनच सगळं रचलेलं. ते बघताना मला भीती कमी आणि संताप जास्त आला.

सगळ्यात महत्त्वाचं त्यांनी जे सांगितलं ते फायलींबद्दल नव्हतंच. या घराण्यातला व्हायरस बऱ्याचदा पासवर्ड चोरणारं दुसरं सॉफ्टवेअर सोबत आणतो. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड गेले असं धरूनच चालायचं. "या पीसीवरनं नाही, मोबाइलवरनं बदला, आत्ता, इथं बसून," असं म्हणून त्यांनी मला जीमेल, नेट बँकिंग, जीएसटी पोर्टल, स्टुडिओचं फेसबुक आणि इन्स्टाग्राम, सगळ्याचे पासवर्ड बदलायला लावले आणि सगळीकडून लॉगआउट करायला लावलं. रॅन्समवेअर काढून देतो म्हणणारे बाकीचे लोक हे सांगत नाहीत. फायली परत आल्या आणि महिन्याभरानं खातं रिकामं झालं, तर त्या फायलींचं काय करायचं?

आता त्या '100 टक्के रिकव्हरी'वाल्यांबद्दल. ओळखीतून दोघांचे नंबर मिळाले होते, दोघंही बाहेरगावचे. एकानं फोटोंची नावं व्हॉट्सअ‍ॅपवर मागवली आणि दहा मिनिटांत उत्तर दिलं, होईल, पासष्ट हजार, निम्मे आगाऊ. कसं करणार विचारलं तर "आमचं स्वतःचं टूल आहे." नाव सांगत नाही, दोन फायली उघडून दाखवा म्हटलं तर आधी पैसे. मी दादांना विचारलं. ते चिडले नाहीत, फक्त म्हणाले, "वहिनी, चावी चोराकडं असते. याच्याकडं ती कुठनं येणार? एक तर चोराला पैसे देऊन आणणार आणि वर स्वतःचे लावणार, नाही तर फुकटचं टूल चालवून तुमच्याकडनं पैसे घेणार." हे नुसतं दुकानातलं बोलणं नव्हे. अमेरिकेत प्रोपब्लिका या संस्थेनं 2019 मध्ये शोधून छापलं होतं, की आमच्या तंत्रानं फायली सोडवतो म्हणणाऱ्या तिथल्या काही कंपन्या आतून हल्लेखोरांनाच पैसे पोचवत होत्या. पासष्ट हजारांतले चाळीस ज्याच्यामुळं रात्र जागलो त्याच्याच खिशात गेले असते, आणि तेही आम्हाला न कळता.

मग ती वेबसाइट. 'नो मोअर रॅन्सम' 2016 च्या जुलैत सुरू झाली. युरोपोल ही युरोपातली पोलीस संस्था, नेदरलँड्सचे पोलीस, कॅस्परस्की ही अँटीव्हायरस कंपनी आणि तेव्हाची इंटेल सिक्युरिटी, म्हणजे मॅकॅफी, यांनी मिळून ती काढली. पुढं बऱ्याच देशांचे पोलीस आणि कंपन्या त्यात आल्या. पैसे लागत नाहीत, खातं उघडावं लागत नाही. मी इंग्रजीतूनच वापरली. इंग्रजी जेमतेम असेल तर सोबत कुणाला तरी बसवा. तिथं 'क्रिप्टो शेरीफ' म्हणून एक पान आहे. लॉक झालेल्या दोन फायली आणि चोराची चिठ्ठी त्यात टाकायची, की हा कुठल्या घराण्यातला प्रकार आहे आणि त्याची चावी कुणाकडं उपलब्ध आहे का, ते सांगतं. फाइल 1 एमबीच्या आतली लागते, आणि स्टुडिओवाल्याला तेवढी लहान फाइल शोधणं हेच एक काम होऊन बसतं! शेवटी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला बारीक केलेल्या दोन जेपीजी कामाला आल्या.

तिथून एम्सिसॉफ्टच्या डिक्रिप्टरची लिंक मिळते. ते ऑक्टोबर 2019 मध्ये आलं, तेव्हा डीजेव्हीयूच्या 148 उपप्रकारांसाठी. इथं एक धोक्याची सूचना. गुगलवर शोधून जे पहिलं दिसेल ते डाउनलोड करू नका. 2020 मध्ये याच डीजेव्हीयूचं डिक्रिप्टर म्हणून एक खोटं सॉफ्टवेअर फिरत होतं. ते चालवलं की आधीच लॉक झालेल्या फायलींवर दुसऱ्या रॅन्समवेअरचं आणखी एक कुलूप बसायचं. त्यामुळं नो मोअर रॅन्सम नाही तर थेट एम्सिसॉफ्टची साइट, तिसरीकडं जायचंच नाही.

डिक्रिप्टर वापरायला सोपं आहे. ड्राइव्ह निवडायचा, बटण दाबायचं. नेट चालू लागतं, कारण चावी त्यांच्या सर्व्हरवर असते. म्हणून आधी व्हायरस साफ केलेला किंवा नव्यानं विंडोज टाकलेला पीसी हवा. दादांनी वेगळ्या एसएसडीवर कोरं विंडोज टाकून नकलेची डिस्क त्याला जोडली. लॉक झालेल्या मूळ फायली ते आपोआप पुसत नाही, उघडलेली प्रत शेजारी ठेवतं. सावधपणाचंच आहे, पण जागा दुप्पट लागते हे आधी धरा.

आणि आता तो पाऊस. त्या सकाळी पावसानं आमच्या गल्लीत ब्रॉडबँड बंद होतं. हा व्हायरस सुरू झाला की आधी आपल्या सर्व्हरला हाक मारतो. सर्व्हर भेटला तर तो प्रत्येक पीसीसाठी वेगळी चावी देतो. तिला ऑनलाइन की म्हणतात. ती फक्त चोराकडं. आरएसए 2048 बिटचं कुलूप आहे, अंदाज करून ते कुणी उघडू शकत नाही, सुपर कॉम्प्युटर आणला तरी नाही. पण सर्व्हर भेटलाच नाही, तर व्हायरस स्वतःच्या पोटात ठेवलेली एकच ठरलेली चावी वापरतो. ती ऑफलाइन की. त्या उपप्रकारात ऑफलाइन लॉक झालेल्या जगातल्या सगळ्यांची चावी तीच. त्यातल्या कुणा एकानं पैसे भरून ती मिळवली आणि एम्सिसॉफ्टला दिली, की बाकीच्यांचीही कुलपं उघडतात.

हे ओळखायचं कसं, तर सी ड्राइव्हवर 'सिस्टम आयडी' नावाच्या फोल्डरमध्ये 'पर्सनल आयडी' ही फाइल असते. त्यातल्या आयडीच्या शेवटी 'टी1' असेल तर ऑफलाइन. आमच्या फायलीत दोन आयडी होते. एक 'टी1'चा, दुसरा नाही. म्हणजे सकाळी नेट नसताना मुख्य ड्राइव्ह लॉक झाला तो ऑफलाइन चावीनं. दुपारी नेट आलं, पाच मिनिटांचा तो टास्क पुन्हा जागा झाला आणि सर्व्हरशी बोलला. त्यानंतर मिस्टरांनी एका साखरपुड्याचं मेमरी कार्ड कॉपी केलं आणि जुन्या कामांची पोर्टेबल डिस्क जोडली. तेवढा माल ऑनलाइन चावीत गेला.

डिक्रिप्टरनं दोन्हींबद्दल सरळ दोन वेगळे निरोप दिले. ऑनलाइन आयडीच्या फायलींना, हे उघडणं अशक्य आहे. ऑफलाइनला, चावी अजून आमच्याकडं नाही, पुढं कधी मिळू शकेल. त्या दुसऱ्या निरोपात 'शकेल' होतं, 'मिळेल' नव्हतं, आणि मला ते आवडलं. खोटी आशा लावली असती तर मी अल्बमच्या पार्ट्यांना तारखा देऊन बसले असते. आम्ही दिल्या नाहीत. प्रत्येक घरी फोन करून खरं सांगितलं. कागल, जयसिंगपूर, गडहिंग्लज, सगळीकडं. एका पार्टीनं मुद्दाम येऊन आगाऊ रक्कम परत नेली. बाकीचे थांबले. एका मुलीच्या वडिलांनी तर हळदीचे मोबाइलवर काढलेले चारशे फोटो पाठवले, लागले तर राहू देत म्हणून. असली माणसं असतात.

चावी काही आठवड्यांनी आली. दादांनी सांगून ठेवलं होतं, मधून मधून चालवून बघा. कारण एम्सिसॉफ्ट चावी आली म्हणून आपल्याला कळवत नाही. या सेवेची हीच एक मोठी उणीव मला वाटते. आपणच जाऊन दार वाजवत राहायचं. एका रात्री चालवलं आणि हिरव्या अक्षरांत ओळी सरकायला लागल्या. पीएसडी, रॉ, जेपीजी, एडियसचे प्रोजेक्ट. मुख्य ड्राइव्हवरच्या तपासलेल्या सगळ्या फायली उघडल्या. मी नवऱ्याला उठवलं. चहा झाला, पहाट झाली, तरी ती यादी चालूच होती.

ऑनलाइन चावीत अडकलेल्या मालाचं सगळंच गेलं असं मात्र नाही, आणि हा भाग व्हिडिओवाल्यांनी नीट वाचा. डीजेव्हीयू वेगानं काम उरकायचं म्हणून प्रत्येक फाइलचा फक्त सुरुवातीचा सुमारे 150 केबी भाग लॉक करतो. त्यामुळं छोटी एक्सेल, वर्डची फाइल, बारीक फोटो संपूर्ण जातात. पण 4 जीबीच्या व्हिडिओतले 150 केबी म्हणजे काहीच नाही. व्हिडिओचा मूळ ऐवज आत तसाच पडलेला असतो, फक्त प्लेअरला तो वाचता येत नाही. डिस्कट्यूना यांचं 'मीडिया रिपेअर' म्हणून फुकट साधन आहे, नेमकं या घराण्यासाठी बनवलेलं. एमपी4, एमओव्ही, एमपी3, डब्ल्यूएव्ही असले प्रकार घेतं. त्याला त्याच कॅमेऱ्यानं, त्याच सेटिंगवर काढलेली एक चांगली क्लिप नमुना म्हणून द्यावी लागते. नमुना दुसऱ्या सेटिंगचा दिला तर चित्र फाटतं. आमच्याकडं जुना कॅमेरा अजून चालू होता म्हणून निभावलं. दादांनी दुकानातच पंख्याकडं कॅमेरा धरून प्रत्येक सेटिंगवर एकेक क्लिप काढली. क्लिपच्या अगदी सुरुवातीचा तुकडा जातो, बाकी येतं. झिप फाइलचंही तसंच. तिच्यातली पहिली एखाददुसरी फाइल जाते, पुढच्या बऱ्याचदा निघतात.

मोठ्या जेपीजीसाठी वेगळी दुरुस्ती आहे, पण त्यात फोटोच्या वरच्या बाजूची पट्टी जाते. मंगलाष्टकाच्या फोटोत वरची पट्टी म्हणजे अक्षता आणि आंतरपाट धरलेले हात. काही घरांना ते चाललं, काहींना नाही, आणि नाही म्हणणाऱ्यांना मी दोष देत नाही.

साखरपुड्याचं कार्ड आम्ही कॉपीनंतर फॉरमॅट केलं होतं, पण त्यावर पुन्हा शूटिंग झालं नव्हतं. फोटोरेक या मुक्त सॉफ्टवेअरनं त्यातले फोटो परत काढून दिले. फायलींची नावं जातात, फोटो आकड्यांच्या नावानं येतात, वेळेनुसार लावत बसावं लागतं. दादा म्हणाले, फॉरमॅट केलेलं कार्ड बाहेर ठेवायचं, लगेच कॅमेऱ्यात घालायचं नाही. मेमरी कार्ड स्वस्त झालीत. एका सीझनला दहा-बारा कार्डं जास्तीची घेणं परवडतं.

हिशेबाचं आमचं थोडक्यात वाचलं. टॅली वेगळ्या लॅपटॉपवर होती. बिलांच्या पीडीएफ गेल्या होत्या, त्या जीमेलच्या सेंटमधून आणि पार्ट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून गोळा केल्या, बाकी जीएसटी पोर्टलवर भरलेल्या जीएसटीआर-1 या विक्रीच्या रिटर्नमध्ये आकडे होतेच.

आणि पुराची डिस्क. शाहूपुरीत राहणाऱ्याला सांगायला नको. पावसाळ्यात आम्ही सगळे पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत जगतो. 39 फूट झाले की इशारा, 43 ला धोका. 2019 ला आणि परत 2021 ला जे बघितलं, त्यानंतर दर जूनमध्ये सगळ्या जुन्या अल्बमची एक प्रत डिस्कवर घेऊन ती राजारामपुरीत नणंदेच्या घरी, दुसऱ्या मजल्यावर ठेवायची असं आमच्या घरात ठरलंय. पाण्यासाठी केलेली ती सोय या वेळी व्हायरससाठी उपयोगी पडली. जूनपर्यंतचं सगळं तिच्यात सुखरूप होतं, कारण ती कुठल्याच पीसीला जोडलेली नव्हती. जोडलेली असती तर तीही लॉक झाली असती. बॅकअप आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी तो बॅकअप या क्षणी वायरनं पीसीला लटकलेला आहे का, तेवढं उठून बघावं.

तक्रार आम्ही राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर नोंदवली, चिठ्ठीचा आणि आयडीचा स्क्रीनशॉट जोडून. खंडणी भरली नसली तरी नोंदवावी. ग्राहकांना सांगताना हातात कागद असतो. खात्यातून पैसे गेले असतील तर मात्र आधी 1930 फिरवायचा, एक मिनिट न घालवता.

दादांचं बिल झालं साडेतीन हजार, डिस्क आणि एसएसडीचे पैसे वेगळे. एवढ्या कामाला हे कमीच. नवीन मांडणीही त्यांनीच करून दिली. पोरासाठी ॲडमिनचे अधिकार नसलेलं खातं, विंडोज डिफेंडरमधला 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' चालू, म्हणजे अनोळखी प्रोग्रामला अल्बमच्या फोल्डरमध्ये हात घालता येत नाही. एडियसला सुरुवातीला त्यानं अडवलं, परवानगीच्या यादीत घालावं लागलं. बॅकअपच्या दोन डिस्क, आलटून पालटून, एक कायम नणंदेकडं. क्रॅक सगळे काढले. फोटोशॉपची महिन्याची वर्गणी भरतो आणि ती अल्बमच्या दरात धरतो.

तक्रारी सांगायच्या तर आहेत. दुपारी एक ते चार फोन उचलत नाहीत. पक्की पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. उद्या म्हणाले की परवा धरायचं. घाईच्या माणसाला त्यांचा स्वभाव सोसवणार नाही, कारण प्रत्येक गोष्ट ते आधी समजावून सांगतात आणि मगच हात लावतात. मला ते हवंच होतं. मशीन माझं, माल माझ्या ग्राहकांचा, मग काय चाललंय ते मला कळायला नको?

ऑनलाइन चावीतल्या उरलेल्या फायली मी पुसलेल्या नाहीत. दादांनीच सांगितलं, पुसू नका. कधी कुठं एखादी टोळी पकडली जाते, तिचे सर्व्हर पोलिसांच्या हाती लागतात आणि चाव्या बाहेर येतात. नो मोअर रॅन्समवरच्या बऱ्याच चाव्या अशाच मिळालेल्या आहेत. होईल असं ते म्हणाले नाहीत.

तुमच्यावर अशी वेळ आली तर त्यांच्याकडं जाताना पीसी बंद करून न्या, पुन्हा चालू करून बघू नका. सोबत तुमच्या डिस्कपेक्षा मोठी एक रिकामी डिस्क, लॉक झालेल्यापैकी एखाद्या फोटोची चांगली प्रत कुठं मेलमध्ये वगैरे असेल तर ती, शूटिंगचा कॅमेरा, आणि फॉरमॅट केलेली असली तरी सगळी मेमरी कार्डं. चारनंतर जा. पार्किंग गल्लीत मिळत नाही, गाडी मेन रोडला लावावी लागते.